पायाळूची लाथ

गुरुवारी सकाळी पावणेनऊ वाजता बेळगावातल्या एका खासगी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परशराम वस्तादाने डॉ. स्वरूप देसूरकर यांचे उजवे मनगट धरले आणि पिरगाळले. हाड मोडल्याचा आवाज पडद्यापलीकडच्या रुग्णांनीही ऐकला. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज फरशीवर पडून घरंगळत खाटेखाली गेली. खाटेवर परशरामचा धाकटा भाऊ नागेंद्र अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडला होता. इंजेक्शन त्याच्यासाठी होते.

"माझ्या भावाला सुई टोचायची न्हाय," परशराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मनगट मात्र त्याने सोडले नव्हते.

आपण भावाचा जीव वाचवतोय, याबद्दल त्याच्या मनात त्या क्षणी तिळमात्र शंका नव्हती.

परशराम कोगनोळीच्या तालमीचा वस्ताद. साठीला आलेला, कान मोडून गोळा झालेले, मान खांद्यांत रुतलेली. ऐन उमेदीत त्याची पाठ मातीला लागली नाही, हे गावात अजून सांगतात. पण गेली कित्येक वर्षे लोक त्याच्याकडे येत ते कुस्तीसाठी नव्हे, त्याच्या उजव्या पायासाठी. आईच्या पोटातून तो पायांकडून बाहेर आला होता. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूने कमरेत लाथ घातली की भरलेली उसण निघते, असा या भागातला समज आहे. रविवारी सकाळी निपाणी, सौंदलगा, कागलकडची माणसे कंबर धरून तालमीच्या भिंतीपाशी उभी असत. परशराम एकेकाला भिंतीला हात टेकवून उभा करी, दोन पावले मागे सरे आणि कमरेच्या वर, बरगडीच्या खाली, टाचेने हाणी. माणूस कळवळे, शिवी हासडे, मग वाकून बघे आणि हसत घरी जाई. परशराम नारळाशिवाय काही घेत नसे.

वडील लवकर गेले, तेव्हा नागेंद्र शाळेतही जात नव्हता. परशरामने त्याला तालमीतच वाढवले. पहाटे उठवले ते काठीने, आणि पहिली गदा जिंकून आला तेव्हा खांद्यावर घेऊन गावातून मिरवलेही त्यानेच. पुढे नागेंद्र निपाणीच्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक झाला. पोरे त्याला सर म्हणत. तालमीत पाऊल टाकले की मात्र तो वस्तादाचा पठ्ठ्या होता, आणि तालमीत पठ्ठ्याने वस्तादाला नाही म्हणायचे नसते.

गेल्या श्रावणात नागेंद्रची पाठ दुखू लागली. मंद, खोल दुखणे, रात्री जास्त. तो आपणहून भिंतीपाशी उभा राहिला.

"अण्णा, उसण भरलीया. दे पाय."

परशरामने पाय दिला. दोन दिवस बरे वाटले. मग दुखणे परत आले, परशरामने परत पाय दिला. "मुरलीया तुझी उसण," तो म्हणाला आणि तिसऱ्या वेळी जरा जोरात हाणली. नागेंद्र भिंतीला धरून खाली बसला, पण तक्रार केली नाही. गणपतीच्या सुमारास त्याचे पाय सुजले. लघवी कमी झाली, अन्नावरची वासना गेली. तेव्हा त्याची बायको माधवी त्याला बेळगावला घेऊन गेली. कोल्हापूर जवळ होते, पण उपचारांचे सरकारी कार्ड कर्नाटकचे. शिवाय माधवीचे माहेर बेळगावातल्याच खासबागेतले.

तपासण्या झाल्यावर डॉ. देसूरकरांनी तिघांना समोर बसवले. परशराम खुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"पोटाच्या मागच्या अंगाला, कण्याच्या पुढं, मोठी रक्तवाहिनी असते," डॉक्टर म्हणाले. "तिच्याभोवती जाळं धरलंय. वाळलेल्या डिंकासारखं, चिवट. किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या दोन्ही नळ्या त्यानं आवळल्यात. कॅन्सर नाही, तुकडा काढून तपासलाय. पण दुर्मीळ आहे. मी स्वतः आजवर मोजकेच रुग्ण पाहिलेत."

"म्हंजे आतनं कुणीतरी कंबर धरलीया आनि सोडंना," परशराम म्हणाला.

"अगदी तसंच."

"मग फोडा की पकड. कापा."

डॉक्टर हसले. "कापता येतं. पण नळ्या जाळ्यात चिकटलेल्या असतात, सोडवताना फाटू शकतात. त्यामुळं आधी आत बारीक प्लास्टिकच्या नळ्या घालून ठेवतो, म्हणजे लघवी वाहती राहील. मग गोळ्या. त्यांनी जाळं मऊ पडतं, आक्रसतं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर दुसरी औषधं आहेत, सलाइनमधून देतात ते एक इंजेक्शन आहे. आणि तेही नाही चाललं, तर मग तुम्ही म्हणता तसं. पोट उघडायचं, नळ्या सोडवायच्या आणि पोटातल्याच चरबीच्या पदरात गुंडाळून ठेवायच्या, जाळ्यानं परत धरू नयेत म्हणून."

"ते कोन करतंय?"

"मी करतो."

परशरामने डॉक्टरांच्या हातांकडे पाहिले. बारीक, गोरे, लांब बोटांचे हात. या हातांनी हा माझ्या भावाच्या पोटात शिरणार, असे त्याच्या मनात आले आणि का कोण जाणे, त्याला धीर वाटला.

लाथांचे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही. नागेंद्रला शरम वाटली; परशरामला ते सांगण्यासारखे काही वाटलेच नाही.

आणखी एक गोष्ट त्या खोलीत बोलली गेली नाही. परशराम आत येण्याआधी नागेंद्रने डॉक्टरांचा हात धरून विनंती केली होती: गोळ्यांना गोळ्याच म्हणा, त्या स्टेरॉइडच्या आहेत हे अण्णापुढे काढू नका. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तालमीतला मानूस त्या नावावर मेलाय." रुग्णाची खासगी बाब म्हणून डॉक्टरांनी ते मान्य केले. मात्र नागेंद्र आणि माधवी या दोघांना त्यांनी पुन्हापुन्हा बजावले: मधेच बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही, कमी करायच्या त्या मी सांगेन तशाच.

तालमीतला तो माणूस म्हणजे सौरव. परशरामचा लाडका पठ्ठ्या, मांड्या सागाच्या खोडासारख्या. निपाणीतल्या एका जिमवाल्याने त्याला अंग भरायची इंजेक्शने लावली. सहा महिन्यांत तोंड फुगले, पाठीवर पुटकुळ्या उठल्या, खुराक न वाढता वजन वाढले. एका जत्रेत फडातच तो छाती धरून कोसळला आणि उठला नाही. तेराव्यानंतर परशराम एकटाच निपाणीला गेला. जिमवाल्याचा उजवा हात त्याने लोखंडी बाकावर ठेवला आणि वजनाची तबकडी उचलून बोटांवर आपटली. मग दुसऱ्यांदा आपटली. जिमवाल्याने फिर्याद दिली नाही. तेव्हापासून कोगनोळीच्या तालमीत स्टेरॉइड हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

नळ्या बसवल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि नागेंद्रला उतार पडला. पाठ दुखायची थांबली, पायांची सूज गेली, भूक तर अशी लागली की माधवी भाकऱ्या थापता थापता दमे. दिवाळीत त्याचा चेहरा गोल दिसू लागला. पैलवान चेष्टा करत.

"मास्तर, दुसरं लगीन ठरलं काय? गाल बगा की, बुंदीच्या लाडवागत."

परशरामही आधी खूष होता. मग एका सकाळी नागेंद्र सदरा काढून कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला बसला, आणि परशरामला त्याच्या पाठीवर पुटकुळ्या दिसल्या. मानेमागे चरबीचा गोळा. गालांवर लाली, तोंड सौरवसारखेच फुगलेले. मग त्याने खुंटीवरची भावाची पिशवी काढली, आत हात घातला आणि गोळ्यांचे पाकीट रवळूपुढे धरले. रवळू तालमीतला थोरला पैलवान, इंग्रजी वाचणारा.

"काय हाय ह्ये?"

रवळूने मोबाइलवर नाव शोधले. वाचून त्याने मोबाइल पालथा धरला.

"रवळ्या, मी इचारलं काय हाय."

"वस्ताद... स्टेरॉइड हाय."

परशरामने नागेंद्रच्या थोबाडीत मारली ती उलट्या हाताने. नागेंद्र बसल्या जागेवरून हौदात पडला, तोंडात लाल माती गेली. उठायच्या आत दुसरी बसली. पैलवान भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"माज्या तालमीत? सौरव मेल्याव?"

"अण्णा, औषध हाय त्ये. डाक्टरनं दिलंय."

"सौरवलाबी जिमवाल्यानं औषधच म्हनून दिलतं!"

"बंद क्येलं तर जीव जाईल म्हनलेत. अण्णा, ऐक की..."

परशरामने एकेक गोळी पाकिटातून फोडून हौदात टाकली आणि टाचेने मातीत घोळली. नागेंद्र रक्ताळलेला ओठ पुसत ते पाहत होता. "मी हाय न्हवं," परशराम शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "तुला मी मरू देतोय व्हय, येड्या?"

माधवी तेव्हा आईच्या आजारपणासाठी खासबागेत होती. परशरामने नागेंद्रला घरी जाऊ दिले नाही. सुईच्या नादाला लागलेल्या पोराला तो तालमीमागच्या खोलीत ठेवायचा, बदाम आणि तूप-दूध द्यायचा, अंग रगडायचा आणि विष उतरेपर्यंत दाराला कडी घालायचा. दोन पोरे अशी सुटली होती. भावालाही त्याने तसेच ठेवले आणि मोबाइल आपल्या कनवटीला लावला. माधवीचा फोन आला की तो भावाच्या हातात देई आणि समोर बसून राही. "बरा हाय मी," नागेंद्र सांगे. "शाळेत गडबड हाय."

तो दरवाजा तोडू शकला असता का? बहुधा शकला असता. पहिले दोन दिवस अंगात बळ होते. त्याने दारावर एकदा थाप मारली, "अण्णा," अशी हाक दिली आणि उत्तर आले नाही तेव्हा खाली बसला.

तिसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. हात-पाय गार पडले, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. परशराम उशाशी बसून ओल्या फडक्याने तोंड पुसत होता. "इख उतरतंय," तो रवळूला म्हणाला. "ही पोरं असंच करत्यात आदी."

"वस्ताद, दवाखान्यात दावूया."

"दवाखान्यानंच ही गत केलीया. तू मेहनत कर जा."

गुरुवारी उजाडता उजाडता नागेंद्रच्या पाठीत अशी कळ उठली की तो गुडघ्यांवर आला. आत काय झाले होते ते पुढे स्कॅनमध्ये दिसले. त्या वेळी त्याला एकच ठाऊक होते, लहानपणापासून ठाऊक होते ते. तो भिंतीपाशी सरकला, दोन्ही हात टेकले.

"अण्णा, पाय दे. सोसंना."

परशराम दोन पावले मागे सरला. त्याने देवाचे नाव घेतले आणि जीव ओतून लाथ घातली. कमरेच्या वर, बरगडीच्या खाली, डाव्या अंगाला.

नागेंद्र ओरडला नाही. हवा निघाल्यासारखा आवाज आला आणि तो भिंतीवरून घसरत खाली आला. लंगोट लाल झाला. परशरामला आधी ती माती वाटली.

रवळूने गाडी काढली. संकेश्वर मागे पडेपर्यंत परशराम भावाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या गालावर चापट्या मारत होता. "नागू, ऊठ. ए नागू." बेळगावात शिरता शिरता रवळूने माधवीला फोन केला. न विचारता केला. वस्तादाला न विचारता त्याने केलेली ती पहिलीच गोष्ट.

इस्पितळात नर्सने पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला आणि धावत डॉक्टरांना बोलावले. देसूरकर आले ते पायऱ्यांवरूनच प्रश्न विचारत. "गोळ्या? गोळ्या चालू आहेत ना?"

"मी बंद केल्या," परशराम म्हणाला. "रविवारी."

डॉक्टर नर्सकडे वळले. "हायड्रोकॉर्टिसोन भर. लगेच." आणि परशरामला, भराभर: "बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम तोडलं की रक्तदाब कोसळतो. आत्ता स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं नाही तर हा जाईल. बाजूला व्हा."

परशराम खाटेच्या आणि नर्सच्या मध्ये उभा राहिला. नर्स घाबरली. तेव्हा डॉक्टरांनी सिरिंज स्वतःच्या हातात घेतली आणि पुढे झाले.

बाकीचे वर सांगितलेच आहे.

सुरक्षारक्षक आला, परशरामने खांद्याच्या एका झटक्यात त्याला ट्रॉलीवर फेकले. औषधांच्या बाटल्या फुटल्या. डॉक्टर गुडघ्यांवर होते, मनगट भलत्याच बाजूला वळलेले, आणि तरी ते नर्सला ओरडून सांगत होते, "दुसरी भर! दुसरी भर!"

माधवी आत आली ती अशा वेळी. खासबागेतून स्कूटरवर आली होती, हेल्मेट हातातच होते. तिने खाटेकडे पाहिले, फरशीवरच्या डॉक्टरांकडे पाहिले आणि मग थोरल्या दिराकडे. लग्नापासून तिने त्याच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. तिने हेल्मेट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर हाणले. ओठ फाटला. दुसरा घाव कपाळावर बसला, तिसरा कानावर. प्रत्येक घावासरशी ती एकच बोलत होती.

"सरका! अण्णा, सरका! सरका म्हंते न्हवं!"

परशरामने हात उचलला नाही. एका हाताने तो तिला भिंतीवर भिरकावू शकला असता. पुढचा दात तुटून तोंडात आला, तो त्याने तळहातावर थुंकला आणि बघितला.

"मारा की मला," माधवी धापा टाकत म्हणाली. "नवऱ्याला मारलंसा, डॉक्टरला मारलंसा. मी एकटी का ऱ्हायले?"

"सौरवला असंच..." तो म्हणाला.

"सौरव मजबूत व्हायला घेत होता. ह्यो जगायला घेत होता."

परशराम खाली बसला. फरशीवर, फुटलेल्या काचांत, पाठ भिंतीला लावून. नर्स त्याच्या पायांवरून ओलांडून गेली आणि नागेंद्रच्या दंडात सुई घातली.

पोलीस आले तेव्हाही तो तसाच बसून होता.

ठाण्यात त्याला बाकावर बसवले. दर थोड्या वेळाने तो उठून दाराशी जाई आणि हवालदार त्याला मागे ढकली. "सुम्ने कूड्री, वस्ताद! गप बसा म्हटलं की." हवालदार कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलत होता. "डॉक्टरवर हात टाकलाय तुमी. आता हिंडलग्याच्या जेलात तालीम काढा."

"भाऊ कसा हाय माझा?"

"मी काय डॉक्टर? आनि डॉक्टरचा हात तर तुमीच मोडलासा." हवालदार खुर्चीत बसताना कमरेवर हात ठेवून कण्हला. मग जरा वेळाने म्हणाला, "तुमी कोगनोळीचे पायाळू न्हवं? ल्हान असताना आईनं आणलं होतं मला तुमच्याकडं. बरी झालती कंबर."

परशरामने पाय बाकाखाली ओढून घेतले. तुटलेला दात अजून त्याच्या मुठीत होता.

दुपारी रवळू आला आणि उभ्याउभ्याच सांगू लागला. इंजेक्शन लागू पडले होते, रक्तदाब थोडा वर आला होता. पण स्कॅनमध्ये डाव्या बाजूची आत बसवलेली प्लास्टिकची नळी सरकलेली दिसत होती, किडनीभोवती रक्त साचले होते. उजवी नळी तुंबून गच्च. पाठीतून किडनीत थेट नळी घालून लघवी बाहेर काढावी लागणार. ते जमले आणि तो तगला, तर पुढे जाळ्यातून नळ्या सोडवायचे मोठे ऑपरेशन; गोळ्यांवर वाट बघायचे दिवस आता राहिले नाहीत.

"मग करा म्हन की! तो करतो म्हनला होता. त्यो देसूरकर."

रवळूने मान खाली घातली. "त्येंचाच हात मोडलाय न्हवं, वस्ताद. प्लास्टर घालून खुर्चीत बसल्यात. हुबळीच्या डॉक्टरला फोन लावून दिला त्येंनीच. त्ये निघाल्यात."

"आनि माधवी?"

"तुमचं नाव काढायचं न्हाय म्हनल्यात."

परशराम पुन्हा बाकावर बसला. भिंतीवर घड्याळ होते, ते बंद पडलेले. त्याने हवालदाराला वेळ विचारली, थोड्या वेळाने परत विचारली, आणि तिसऱ्यांदा हवालदाराने न खेकसता सांगितली.

पाच वाजता रवळूचा फोन हवालदाराच्या मोबाइलवर आला. हुबळीचे डॉक्टर पोहोचले होते आणि किडनीत नळी घालण्यासाठी हात धूत होते. नागेंद्र शुद्धीवर नव्हता. खाटेला लावलेल्या पिशवीत तोवर लघवीचा थेंबही आलेला नव्हता.